चल घटक क्रमांक तीन

चित्रा गेली हे निवृत्ती खैरनारला मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कळलं. डॉक्टर बागूल सांगायला बाहेर आले तेव्हा तो अतिदक्षता विभागाच्या दारापाशी उभा राहून भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत होता. त्याची ती जुनी सवय होती. नवी भिंत दिसली की ती भरीव आहे का पोकळ, हे वाजवून बघितल्याशिवाय त्याला राहवत नसे.

डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. हृदय अशक्त होत गेलं होतं, त्यामुळे फुप्फुसांत पाणी साठत होतं. काल संध्याकाळी स्वयंपाकघरात पडल्या ते शेवटचं, पण दुखणं कालचं नव्हतं. निदान आठ-नऊ महिन्यांचं असणार. सुरुवातीला आणलं असतं तर रोजच्या दोन गोळ्यांवर निभावलं असतं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. त्यांच्या दृष्टीने तो अगदी साधा होता.

"धाप लागत असणार त्यांना. आडवं पडलं की जास्तच. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

घरात होतं कोण? मूलबाळ नव्हतं. पुतण्या वर्षातून एकदा यायचा. घरात तो होता, चित्रा होती आणि चार भिंती होत्या.

निवृत्तीला रडू आलं नाही. राग आला. आधी डॉक्टरांचा आला, मग चित्राचा आला. जिना चढताना ती मधेच थांबायची आणि गुडघे दुखतात म्हणायची, आणि तो ते खरं मानायचा. त्यानंतर आलेला राग मात्र कुणाचा होता हे त्याला पुढचे बरेच दिवस कळलं नाही.

निवृत्तीचा धंदा भिंतकर्णे बसवण्याचा. भिंतकर्णा म्हणजे भिंतीच्या आत बसणारा ध्वनिक्षेपक. बाहेरून फक्त भिंतीच्याच रंगाची जाळी दिसते. नाशिकमध्ये नवं घर आता त्याच्याशिवाय बांधलं जात नव्हतं. दर हॉलमध्ये सहा कर्णे आणि एका कोपऱ्यात त्यांचा नियंत्रक, म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. भिंतीत झिरी मारायची, पाइप पुरायचा, वायर ओढायची, कर्ण्यामागे दगडी लोकरीचा थर भरायचा, प्लसला प्लस जोडायचा. अकरा वर्षांत त्याने चारशे बारा घरं केली होती.

स्वतःचं घर त्याने सहा वर्षांपूर्वी केलं, तेही उरलेल्या मालावर. वायर शिल्लक होती तीही अशी, की तिच्या दोन्ही तारा पांढऱ्या. प्लस कुठला आणि मायनस कुठला हे कळायला खूण हवी. पाइपच्या एका तोंडाशी तो आणि दुसऱ्याशी चित्रा. तो आतून ढकलायचा, ती ओढायची आणि तिकडून "आली" म्हणायची. खुणेला गाठ मारू म्हणाला तर ती म्हणाली, गाठ पाइपात अडकेल. तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि प्रत्येक प्लस तारेच्या दोन्ही टोकांना एकेक लाल टिकली गुंडाळून चिकटवली. सहा कर्णे, बारा टोकं, पाकीट संपलं.

"घ्या," ती म्हणाली, "तुमच्या भिंतींना कुंकू लावलं. आता माझ्या टिकल्या आणून द्या."

गेल्या दिवाळीपासून ती हॉलमधल्या आरामखुर्चीतच झोपू लागली होती. पाठीशी दोन उशा घेऊन, जवळजवळ बसूनच. आडवं पडून गाणं नीट ऐकू येत नाही म्हणाली. निवृत्तीला बरं वाटलं होतं. खरं तर अभिमान वाटला होता. एक अख्खा रविवार घालवून त्याने सहाही कर्ण्यांची जुळणी बदलली होती आणि सगळ्यात चांगला आवाज तिच्या खुर्चीवर येईल असं केलं होतं. आडवं पडलं की जास्तच, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा त्याला तो रविवार आठवला.

दहाव्याला नातेवाईक जमले. मेहुणीने भिंतीवर भजन लावलं. आवाज जरा वर जायचा, जरा खाली यायचा, परत वर, परत खाली. लयीशी त्याचा काही संबंध नव्हता. मेहुणी म्हणाली, भाऊजी, तुमचा स्पीकर बिघडलाय वाटतं. निवृत्तीने उठून सगळं बंद केलं. मी बसवलेला कर्णा बिघडत नाही, असं तो इतक्या जोरात म्हणाला की पंगतीतली माणसं जेवायची थांबली.

भिंतकर्णे ऐकतात, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्याचं कुणाला काही वाटत नसे. निवृत्तीलाही कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी पंगत उठल्यावर तो चित्राच्या खुर्चीपासून समोरच्या जाळीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजत राहिला. सात पावलं भरली.

तेराव्यानंतर तो अंबडला कंपनीच्या प्रयोगशाळेत गेला. तिथल्या प्रमुख ध्वनिशास्त्रज्ञ शलाका गद्रे त्याला ओळखत होत्या. कारागिरांच्या प्रशिक्षणात त्याच्यासारखे सुबक सांधे कुणाचे नसतात, असं त्यांनी एकदा चारचौघांत सांगितलं होतं. प्रयोगशाळेची खोली लोकरीच्या सुळक्यांनी मढवलेली होती आणि तिथे बोललेला शब्द तोंडापुढेच विरायचा. शलाकाबाईंनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"मला एकच सांगा," तो म्हणाला. "माझ्या बायकोचा श्वास तुमच्या भिंतीला ऐकू येत होता की नाही?"

त्यांनी टाळाटाळ केली नाही. टेबलावरचा उघडा कर्णा पुढे ओढून त्यांनी त्याचा पडदा बोटाने दाबला. शेजारच्या मापकाचा काटा हलला. वीज सोडली की पडद्यामागचं तारेचं वेटोळं हलतं आणि आवाज होतो. उलट, आवाजाने वेटोळं हललं की वीज तयार होते. त्यामुळे गप्प बसलेला कर्णा हा कानच असतो. दर तासाला सहापैकी एक कर्णा माणसाला ऐकू न येणारा एक उंच सूर सोडतो, त्याला त्या तपाससूर म्हणत. बाकीचे पाच ऐकतात. रिकामी खोली सूर जसाच्या तसा परत देते. गादी थोडा गिळते, खिडकीचा पडदा थोडा गिळतो, आणि माणूस चांगलाच गिळतो. परत आलेल्या सुरावरून नियंत्रक खोलीठसा तयार करतो, आणि त्या ठशाला जुळेल असं गाणं वाजवतो.

"हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो," निवृत्ती म्हणाला. "पुढचं बोला."

"पुढचं असं, की खोलीतल्या हलत्या वस्तूंनी ठसा पुसट होतो. पंखा, पडदा." त्यांनी कर्ण्यावरचं बोट उचललं. "आणि माणसाची छाती. श्वासागणिक ती अर्धा सेंटिमीटर हलते. तपाससुराची लाट पुरती दोन सेंटिमीटरचीही नसते. तिच्यासमोर अर्धा सेंटिमीटर म्हणजे फार झालं. म्हणून प्रत्येक हलत्या वस्तूला आम्ही चल घटक म्हणून क्रमांक देतो, ती मिनिटाला किती वेळा हलते ते नोंदवतो आणि तेवढं ठशातून वजा करतो. त्या यादीला वजायादी म्हणतात."

"म्हणजे श्वास मोजता."

"मोजतो. टाकून देण्यासाठी मोजतो."

"टाकायला आधी हातात घ्यावं लागतं, मॅडम."

निवृत्तीने खिशातून कंपनीच्या कायदा विभागाचं पत्र काढून टेबलावर आपटलं. नियंत्रकातल्या नोंदी उघडून द्या, असा अर्ज त्याने केला होता. त्यावर उत्तर आलं होतं, की सदर घरातील जोडणी अर्जदाराने स्वतः केलेली असून तिची तपासणी झालेली नाही. एक जरी कर्णा उलटा जोडला गेला असेल, तर नोंदी ग्राह्य धरता येणार नाहीत. सबब विनंती अमान्य.

त्यामागचं शास्त्र खरं होतं, तेही निवृत्तीला माहीत होतं. प्लसच्या जागी मायनस लागला की बाकीच्या कर्ण्यांचे पडदे बाहेर येताना तो एक आत जातो. मग वजाबाकीच्या जागी बेरीज होते आणि सगळे आकडे कचरा होतात. पण हे त्यांनी त्याला लिहावं? अडीच हजारांच्या आसपास कर्णे लावलेत तुमचे, तो म्हणाला. त्यातला एक उलटा दाखवा.

"मी नाही, तुम्ही दाखवा," शलाकाबाई शांतपणे म्हणाल्या. "सहाही माझ्यासमोर उघडा, खैरनारकाका. सरळ निघाले तर तिथल्या तिथे सही करते आणि यादी उघडते. कायदा विभागाचं मी बघेन."

शनिवारी दुपारी त्या आल्या. फिरोज पठाण सकाळपासूनच येऊन बसला होता. तो निवृत्तीचा अकरा वर्षांचा जोडीदार. झिरी मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता आणि तोंडही तसंच चालायचं. शलाकाबाईंना चहा देताना तो म्हणाला, मॅडम, आमच्या भाऊची वायर उलटी निघाली तर मी उद्यापासून गोदावरी उलटी वाहते म्हणून सांगेन.

जाळी चार स्क्रूंवर निघते. निवृत्तीने चौथा स्क्रू काढलाच नाही, हिसका दिला. प्लास्टरचा हातभर तुकडा खाली आला.

"सावकाश, भाऊ," फिरोज म्हणाला. "भिंतीने काय घोडं मारलंय?"

"तेच बघायचंय."

कर्णा बाहेर ओढला. मागून पांढरी वायर आली. प्लसच्या तारेला टिकली होती. कडेने काळवंडलेली, मधे अजून लाल. चित्रावहिनींच्या हातचा मसालेभात फिरोजने या घरात किती वेळा खाल्ला होता. त्याने दीड व्होल्टचा सेल काढला आणि टिकलीच्या तारेला सेलचा प्लस टेकवला. पडदा टप्पकन बाहेर आला. सरळ.

दुसरा सरळ. तिसरा सरळ. प्रत्येक वेळी शलाकाबाई वाकून बघत, टिकलीचा फोटो घेत, नियंत्रकाच्या बाजूचं टोक तपासत आणि कागदावर खूण करत. सहावा पडदा बाहेर आला तेव्हा हॉलभर प्लास्टरची भुकटी पडली होती आणि सहा भोकांतून दगडी लोकर डोकावत होती. त्यांनी सही केली.

"जोडणी निर्दोष आहे," त्या म्हणाल्या. "या भिंतींनी जे ऐकलं ते बरोबर ऐकलं."

मग त्यांनी वजायादी उघडली. घटक क्रमांक एक, पंखा. क्रमांक दोन, खिडकीचा पडदा. क्रमांक तीनपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसते आकडे होते. जागा आरामखुर्चीची. मेपर्यंत मिनिटाला तेरा. जूनमध्ये पंधरा. ऑगस्टमध्ये सतरा. ऑक्टोबरमध्ये एकोणीस. नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या आठवड्यापासून, 'हजेरी दिवसा व रात्री'. डिसेंबरमध्ये एकवीस. जानेवारीत चोवीस. फेब्रुवारीत सत्तावीस. मार्चच्या पहिल्या मंगळवारी ती गेली.

निवृत्तीने आकडे दोनदा वाचले. मग तो बोलू लागला आणि बराच वेळ थांबला नाही. डॉक्टर विचारतात घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, आलं होतं की लक्षात, या पेटीच्या आलं होतं. नऊ महिने तिने एकेक श्वास मोजला आणि गाणं गोड लागावं म्हणून फेकून दिला. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला एक घंटी बसवता आली नाही? बाई मरायला टेकली आणि तुमची पेटी तिच्यापुढे सतार जुळवत बसली. शलाकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं लक्ष मात्र आकड्यांवर होतं, आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"काका," त्या शेवटी म्हणाल्या, "एखादा घटक एक दशांशाहून जास्त बदलला की नियंत्रक आपल्या मनाने नवा आकडा धरत नाही. त्याला परवानगी लागते. तो विचारतो."

"कुणाला विचारतो?"

"तुम्हाला माहीत आहे कुणाला."

फिरोजने मान खाली घातली. निवृत्तीला माहीत होतं.

पूर्वी हे प्रश्न घरमालकाला जात. नवा सोफा आणला, पंखा बदलला, की पेटी विचारायची, ठसा बदललाय, मान्य? लोक वैतागले. मग कंपनीने प्रश्न कारागिराकडे वळवले, कारण त्याला कळतं. कारागिराला रोज सकाळी तीस-चाळीस प्रश्न येत. चारशे घरांतले सोफे आणि पडदे कोण बघत बसणार? अख्ख्या नाशिकमधले कारागीर एकच करत. पहिला चहा हातात घ्यायचा, फोन उघडायचा, 'सगळे निवडा', 'मान्य'. निवृत्तीचाही तोच रिवाज होता. चहा चित्रा आणून द्यायची.

त्या सहा बदलांपुढे सहा उत्तरं होती. मान्य, सकाळी सात बारा. मान्य, सात नऊ. मान्य, सात पंधरा. प्रत्येकापुढे नाव, निवृत्ती खैरनार, कारागीर क्रमांक एकशे सात.

भिंत गप्प बसली नव्हती. तिने त्याला सहा वेळा विचारलं होतं.

"भाऊ, मीही हेच करतो," फिरोज म्हणाला. "सगळे करतात."

"म्हणून तर," निवृत्ती म्हणाला. त्याने फोन काढून एक जुना प्रश्न उघडला आणि शलाकाबाईंच्या डोळ्यांपुढे धरला. 'चल घटक क्र. ३ बदलला आहे. नवा ठसा मान्य?' "यात श्वास कुठे लिहिलंय? चल घटक म्हणे. माणूस आहे हे तरी लिहायचं."

"पहिल्या आवृत्तीत लिहिलेलं होतं," त्या म्हणाल्या. "तो शब्द मीच घातला होता. श्वास लिहिलं तर हे वैद्यकीय उपकरण ठरेल आणि वेगळे परवाने लागतील, असं वरून आलं. मी शब्द काढला."

"काढलात."

"हो. काढला."

दुसऱ्या दिवशी निवृत्तीने ग्राहक आयोगाकडे तक्रार लिहिली. जबाबदार कोण, या रकान्यात त्याने आधी कंपनीचं नाव लिहिलं. त्याखाली स्वतःचं लिहिलं, कारागीर क्रमांकासकट. फिरोज म्हणाला की असा अर्ज कुणी घेणार नाही. नाही घेतला तर नाही, असं म्हणून निवृत्तीने तो पाठवला.

चित्रा गेल्यापासून त्याने एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. सहाशेच्या वर साठले होते. शलाकाबाईंनी त्याला घटकाचा वेग बघण्याची युक्ती शिकवली. पंखा मिनिटाला शेकड्यांनी फिरतो, पडदा वाऱ्याप्रमाणे कसाही हलतो. मिनिटाला बारा ते पन्नाशीच्या आत, अखंड चालतो तो श्वास. तेवढेच निवडले. सदतीस घरं निघाली.

त्याने एकेका घरी जायला सुरुवात केली. काही ठिकाणी बाळ जन्मलं होतं, काही ठिकाणी मोठं कुत्रं आणलं होतं. काहींनी त्याला दारातूनच घालवलं, स्पीकरवाल्याला आमच्या तब्येतीशी काय करायचंय म्हणून. तिथे तो भांडला आणि डॉक्टर बागुलांचा नंबर उंबऱ्यावर ठेवून आला. कॉलेज रोडला निवृत्त मास्तर होते, वाघचौरे. त्यांचा घटक चौदावरून वीसवर गेला होता. ते सोफ्यावर टेकून बसले होते आणि बायको सांगत होती, हल्ली झोपही इथेच, क्रिकेटचं वेड लागलंय या वयात.

"मास्तर," निवृत्तीने विचारलं, "आडवं पडलं की कसं वाटतं?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, काही नाही, ठीक आहे. तो सूर निवृत्तीच्या ओळखीचा होता.

"कपडे घाला," तो म्हणाला. "मी रिक्षा आणतो."

मास्तरांना रोजच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर बागुलांनी फोन करून आभार मानले तेव्हा निवृत्तीने उत्तर न देता फोन ठेवला.

घरी त्याने सहाही कर्णे परत बसवले. भोकं बुजवली, टिकल्या तशाच ठेवल्या. गाणं लावून बघितलं तर आवाज तसाच वर-खाली होत होता, दहाव्याच्या दिवशी झाला तसा. वायर सरळ होती, सांधे पक्के होते, पडदे ठीक होते. तो चित्राच्या खुर्चीत बसला आणि घड्याळ समोर धरून मोजू लागला. मिनिटाला सत्तावीस.

मग त्याच्या ध्यानात आलं. पेटी अजून वजा करत होती. जोवर श्वास होता तोवर वजाबाकीने तो पुसला जात होता. आता पुसायला काही नव्हतं, म्हणून नुसती वजाबाकीच गाण्यात उमटत होती. चित्रा होती तोवर तिचा श्वास त्याला कधी ऐकू आला नाही. आता तो स्पष्ट ऐकू येत होता, धाप लागलेला, सत्तावीसचा, आणि निवृत्तीने गाणं बंद केलं नाही.

सदतीस प्रश्नांतला शेवटचा त्याच्याच घरचा आहे. 'चल घटक क्र. ३ आढळत नाही. वजायादीतून काढायचा?' खाली दोन चौकटी आहेत, मान्य आणि अमान्य.

छत्तीस घरं झाली. सदतिसाव्याचं उत्तर अजून द्यायचं राहिलं आहे.